रोपं रोगट झाली म्हणून बी फेकू नका

प्रश्न : गव्हाचे जुने वाण आणि काही रानटी सोयरे मिळून साठ नमुन्यांच्या रोपांवर मी नारिंगी तांबेऱ्याचे, म्हणजे पानांवर नारिंगी फोड आणणाऱ्या बुरशीचे, बीजाणू फवारले. चारच निरोगी राहिले. बाकीचे बाद करून या चारांवरच संकर सुरू करू का?
— एक विद्यार्थिनी

उत्तर : नका करू. हीच चूक माझ्या हातून झाली आहे.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी बाराव्या दिवशी रोपांच्या पानांवरचे फोड बघून ० ते ४ असे गुण द्यायची, ४ म्हणजे सर्वांत रोगट. ३ किंवा ४ आले की नावावर पेन्सिलीची फुली. असंच फुली मारलेलं एक बी सहकाऱ्याने कडेची ओळ भरायला म्हणून पेरलं. पुढे शेत तांबेऱ्याने असं पेटलं की ओळींतून चालताना सलवार नारिंगी व्हायची. त्या ओळीच्या ध्वजपानावर, म्हणजे ओंबीखालच्या शेवटच्या पानावर, मात्र मोजके, बारीक फोड होते आणि पानाचं टोक तेवढं वाळलेलं. मी आधी पोटॅशची कमतरता समजले!

टोक वाळणं ही एलआर ३४ या जनुकाची खूण. हे जनुक रोपावस्थेत जवळजवळ गप्प असतं, मोठ्या झाडात जागं होतं. रोग थांबवत नाही, रेंगाळवतं. नारिंगी तांबेरा, पिवळा तांबेरा आणि भुरी, तिन्हींना. म्हणूनच ते कित्येक दशकं टिकलं आहे. काळ्या तांबेऱ्याविरुद्धचं एसआर २ असंच. त्याच्यामुळे तुसं काळपट दिसतात आणि नवखा माणूस चांगली ओंबी रोगट म्हणून टाकून देतो.

आता तुमचे चार. रोपात दिसणारा लख्ख प्रतिकार बहुधा एकाच जनुकाचा असतो आणि बुरशी तो फोडते. राय या धान्यातून गव्हात आलेलं एसआर ३१ जगभरच्या वाणांत होतं. १९९८ साली युगांडात त्यालाही न जुमानणारा काळा तांबेरा सापडला. एजिलॉप्स अंबेलुलाटा या रानटी गवतातलं एलआर ९ आणायला अमेरिकी गहू-आनुवंशिकी तज्ज्ञ सिअर्स यांनी आधी त्या गवताचा एमर या गव्हाच्या नातलगाशी संकर करून पूल बांधला, मग क्ष-किरणांनी गुणसूत्र तोडून हवा तो तुकडा गव्हात बसवला. ते १९५६ साली प्रसिद्ध झालं. एवढी यातायात करून मिळवलेलं जनुकही वाणांत आल्यावर लवकरच निष्प्रभ ठरलं. मला आजही त्याची हळहळ वाटते.

तेव्हा चारही नमुने नारिंगी तांबेऱ्याच्याच निरनिराळ्या उपप्रकारांवर वेगवेगळे तपासा. सगळ्या उपप्रकारांना चौघांनी एकसारखंच उत्तर दिलं, तर तुमच्या हाती बहुधा चार नव्हे, एकच जनुक आहे. त्यातला एखादा रानटी असेल, तर त्याचं जनुक गव्हात सहज उतरेल असं धरून चालू नका. गव्हाचं पीएच १ हे जनुक परक्या गुणसूत्राला जोडी जमवू देत नाही. सिअर्स यांना क्ष-किरण लागले ते त्यामुळेच.

उरलेल्या छप्पन्नांचं बी शाबूत आहे ना? हंगामात ते रोगाला बळी पडणाऱ्या वाणाच्या ओळींशेजारी पेरा. एकदाच जाऊन शेवटचा आकडा टिपू नका, दर आठवड्याला ध्वजपान बघा. शेजारची ओळ भराभर पेटत असताना जी मागे रेंगाळेल, तिच्यावर खडूने खूण करा.