ऑक्टोपस साधा घेतला तर चालेल?

प्रश्न : मालवण-तारकर्लीला डायव्हिंग करतो. स्वतःचा रेग्युलेटर (टाकीतली हवा श्वासाजोगी करून देणारं उपकरण) घ्यायचाय. जोडीदारासाठीचा जादा सेकंड स्टेज (तोंडात धरायचा भाग), म्हणजे ऑक्टोपस, साधा चालेल का? त्याचा होज (नळी) किती लांब हवा? – एक वाचक, देवगड

उत्तर : ऑक्टोपस साधा खुशाल घ्या, काटकसर फर्स्ट स्टेजमध्ये (टाकीला जोडायच्या भागात) नको. ती बॅलन्स्डच हवी, म्हणजे टाकीतला दाब घटला तरी सारखी हवा देणारी. टाकीत हवा कमी उरलेली असताना दोघं एकदम ओढू लागले, की अनबॅलन्स्ड स्टेजवर श्वास जड होतो. होज पिवळा, साधारण १०० सेंमी. मुख्य होज ७०-७५ सेंमी असतो.

ऑक्टोपस मुद्दाम थोडा घट्ट लावतात, म्हणजे हवा ओढायला जरा जोर लागतो; नाहीतर पाण्यात उडी मारताच फ्री-फ्लो सुरू होतो, हवा आपोआप सुटत राहते. झालाच, तर माउथपीस खाली करा. न वापरताही बुडबुडे येत राहिले, तर इंटरमीडिएट प्रेशर (फर्स्ट स्टेजमधून होजमध्ये येणाऱ्या हवेचा दाब) तपासून घ्या. ते साधारण ९-१० बारवर स्थिर हवं. हळूहळू चढत असेल, तर बहुधा फर्स्ट स्टेजची सीट (आत हवा अडवणारा भाग) गेलीय.

ऑक्टोपस हनुवटी ते बरगड्यांच्या टप्प्यात क्लिपने अडकवा. लोंबकळत ठेवलात तर वाळू आत जाते, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह (उच्छ्वास बाहेर सोडणारी झडप) नीट बसत नाही आणि श्वासाबरोबर खारं पाणी तोंडात! रेग्युलेटर टाकीवरून काढून धुताना फर्स्ट स्टेजला डस्ट कॅप (झाकण) लावा, पर्जचं (हवा सोडायचं) बटण दाबू नका; दाबलंत तर पाणी होजमधून थेट फर्स्ट स्टेजपर्यंत जातं.