फोमच्या विमानांची प्रश्नोत्तरे: रंगाआधी वजनकाटा

पावसाळा सरला की माळ्यावरची रेडिओवर उडणारी फोमची मॉडेल विमानं खाली येतात आणि प्रश्नही सुरू होतात. या वेळी बहुतेकांची अडचण बांधणीत आणि रंगकामात आहे, म्हणून रेडिओच्या सेटिंगचे प्रश्न पुढच्या वेळेसाठी ठेवले आहेत.

प्रश्न : सनबोर्डमध्ये ट्रेनर विमान कापलं. पंख १ मीटर लांब, २० सेंटिमीटर रुंद. २२१२ची १००० केव्ही (दर व्होल्टला मिनिटाला १००० फेरे) मोटर, १० × ४.५ इंची प्रॉपेलर, थ्री-एस (तीन सेलची) २२०० एमएएचची बॅटरी. सगळं मिळून ११५० ग्रॅम भरतं. हातातून सोडलं की थोडं जाऊन जमिनीला टेकतं. मोठी मोटर घेऊ का? (वाकड)

मोटर आहे तीच राहू द्या, शीट बदला. ही मोटर त्या प्रॉपेलरवर साधारण ८०० ग्रॅमच्या आसपास ओढते, तेवढं ट्रेनरला पुरे आहे. गडबड पंखावर पडणाऱ्या भाराची आहे.

तुमच्या पंखाचं क्षेत्रफळ २००० चौरस सेंटिमीटर, म्हणजे २० चौरस डेसिमीटर. ११५० भागिले २० म्हणजे दर चौरस डेसिमीटरला ५७ ग्रॅमच्या वर. शिकण्यासाठीचं विमान मी ३५च्या पुढे जाऊ देत नाही. ३५ ग्रॅमला असं विमान ताशी २८-३० किलोमीटरला तरंगू लागतं, तुमच्या वजनाला ताशी ३६ तरी हवेत. हाताने एवढ्या वेगाने फेकता येईलही, पण लगेच उजव्या हाताने रिमोटची स्टिक पकडायची आणि नवशिक्याने ते सांभाळायचं, हे अवघड आहे. मोठी मोटर म्हणजे मोठा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट), मोठी बॅटरी आणि आणखी वजन. त्या चक्रात शिरू नका.

स्टेशनरीच्या दुकानात सनबोर्ड म्हणून मिळतो तो बहुतेक वेळा पीव्हीसीचा फोम असतो. दुकानाच्या पाट्यांसाठी तो उत्तम, पण ५ मिलिमीटरचा एक चौरस मीटर अडीच-तीन किलोला जातो. डेप्रॉन किंवा तशाच जातीचा एक्सपीएस फोम ६ मिलिमीटरमध्ये चौरस मीटरला पाव किलोही भरत नाही. फरक दहा पटींहून जास्त आहे. दोन्ही बाजूंनी कागद लावलेला फोमबोर्ड या दोघांच्या मधला. त्याचं वजन कंपनीगणिक बदलतं, तेव्हा दुकानात जाताना स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पिशवीत टाका. दुकानदार एकदा विचित्र नजरेने बघेल, पुढच्या वेळी स्वतःच काटा काढून ठेवेल.

नवा पंख करणारच आहात तर पायरीचा करा. खाली पूर्ण रुंदीची शीट, वर पुढच्या कडेपासून निम्म्या रुंदीपर्यंतच दुसरी शीट, मध्ये फोमचीच एक पट्टी आणि ४ मिलिमीटरचा कार्बन रॉड. वरची शीट मध्येच तुटक संपते, तिथे पायरी राहते. रिचर्ड क्लाइन आणि फ्लॉइड फोगलमन या दोघा अमेरिकनांच्या नावाने हा आकार ओळखला जातो आणि त्याचा उगम कागदी विमानात आहे. मोठ्या विमानांत तो चालला नाही, पण आपल्या वेगाला आणि आपल्या कटरला तो अगदी सोयीचा आहे. गोल आकार घासत बसावं लागत नाही आणि विमान हळू झालं तरी एकदम कोसळत नाही.

प्रश्न : काका, मी आठवीत आहे. टीव्हीच्या खोक्यातल्या थर्मोकोलचं ग्लायडर करतेय. फेव्हिक्विक लावलं तर थर्मोकोल विरघळला. मग फेव्हिकॉल लावला, तो दोन दिवस झाले तरी आत ओलाच आहे. काय लावू? (सदाशिव पेठ)

थर्मोकोल म्हणजे पॉलिस्टायरीन. फेव्हिक्विकसारखं सायनो त्याला खातं, आणि नाकाला झोंबणारा, पातळ रबरी सोल्यूशनसारखा गोंदही खातो. नवीन गोंद आणलास की आधी उरलेल्या तुकड्यावर थेंब टाकून अर्धा तास विसरून जा. खड्डा पडला नाही तरच विमानाला लाव.

पांढरा फेव्हिकॉल बरोबर निवडलास, लावायची पद्धत बदल. तो पाणी उडून गेल्यावर धरतो आणि थर्मोकोलमधून पाणी बाहेर पडायला वाटच नसते. त्यामुळे मोठे दोन तुकडे एकमेकांवर चिकटवले की मधला गोंद आठवडाभरही ओला राहू शकतो. दोन्ही बाजूंना अगदी पातळ हात दे, बोट लावल्यावर चिकट लागेपर्यंत उघडं ठेव आणि मग दाबून वर पुस्तकांचा गठ्ठा ठेव. घाई असेल तर ग्लू गन वापर, पण कमी तापमानाची. आणि गोंद आधी थर्मोकोलवर न टाकता सोबत लागणाऱ्या लाकडी पट्टीवर टाक, दोन-तीन सेकंद थांब आणि मग चिकटव. ग्लू गनची मोठी काडी जवळपास २० ग्रॅमची असते, म्हणजे अर्धी काडी जास्त वापरलीस तर १० ग्रॅम वाढले. तुझ्या ग्लायडरला ते जाणवतील.

तार तापवून कापायचं असेल तेव्हा आईबाबांपैकी कोणीतरी शेजारी हवं आणि खिडकी उघडी हवी. गणपतीची थर्मोकोलची मखरं याच पद्धतीने कापली जायची. २०१८च्या बंदीनंतर ती गेली, पण घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाला तारेचं धनुष्य कसं करायचं ते अजून आठवत असेल, विचारून बघ.

प्रश्न : निवृत्तीनंतर एचटी-२चं मॉडेल हाती घेतलं. थर्मोकोलचा सांगाडा छान उतरला, पण स्प्रे कॅनने रंगवायला गेलो तर एका बाजूचा पंख चाळणीसारखा झाला. आता घराच्या रंगकामातलं उरलेलं इमल्शन वापरावं का? फिनिशिंग नीट करायची पद्धत सांगावी. (कोथरूड)

विमान फार चांगलं निवडलंत. विष्णू माधव घाटगे यांच्या हाताखाली बंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये घडलेलं हे विमान १९५१ मध्ये पहिल्यांदा उडालं, आणि आपल्याकडे त्याची मॉडेलं मात्र फारशी दिसत नाहीत. पंख खाली, चाकं न मिटणारी, दोन माणसं एकामागे एक, शेपटीला लहान चाक. फोमसाठी असा सुटसुटीत आकार शोधून सापडत नाही.

कॅनमधल्या रंगाचं द्रावक थर्मोकोल खातं आणि ढकलणारा वायूही मदतीला असतो. कॅन लांब धरून हलका फवारा मारला तर चालतं, असं सांगणारे भेटतात. पंखाच्या मधोमध चालतंही, पण कडेला, कोपऱ्यात, जिथे रंग साचतो तिथे हमखास खड्डा पडतो. उघड्या थर्मोकोलवर कॅन नाही, एवढा नियम ठेवा. ऑइलपेंट आणि टर्पेंटाइनही नको.

इमल्शन फोमला काही करणार नाही, पण ते भिंतीसाठी बनवलेलं आहे. हिशोब करून बघा. एक लिटरमध्ये एका हाताला १०-१२ चौरस मीटर होतात आणि सुकल्यावर निम्मंअधिक वजन भिंतीवर राहतं, म्हणजे चौरस मीटरला ६० ग्रॅमच्या आसपास. तुमच्या विमानाचा सगळा पृष्ठभाग पाऊण चौरस मीटर धरला तर एका हाताला ४५ ग्रॅम, दोन हातांना ९०. त्यात शेपटीवरचा रंग सगळ्यात महाग पडतो. शेपटी तोल बिंदूपासून ६० सेंटिमीटर मागे आणि नाक २० सेंटिमीटर पुढे असेल, तर शेपटीवर वाढलेल्या १० ग्रॅमसाठी नाकात ३० ग्रॅम शिसं घालावं लागतं. दहाचे चाळीस झाले. पूर्वीच्या लढाऊ विमानांची नाकं लांब होती म्हणून बरं. एचटी-२चं नाक आखूड आहे.

आता पद्धत. खराब झालेल्या पंखावरचा सैल रंग ब्लेडने खरवडून टाका. ३२० नंबरचा पॉलिश पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून एकाच दिशेने, जवळजवळ वजन न देता फिरवा. जोर दिलात किंवा मागेपुढे घासलंत तर थर्मोकोलचा अख्खा दाणा उपटून येतो आणि जिथे एक खड्डा होता तिथे तीन होतात. दाणे उपटायला लागले की समजायचं, पेपरची धार गेली, नवा तुकडा घ्या. थर्मोकोल घासताना हाताला कुरकुर जाणवते. ती बंद होऊन हात घसरल्यासारखा जायला लागला की थांबा.

खड्डे भरायला भिंतीची लांबी (पुट्टी) वापरू नका, ती दगडासारखी जड आणि फोमपेक्षा कितीतरी कडक असते; पुढे घासताना लांबी तशीच राहते आणि भोवतीचा फोम खाली जातो. पाण्यावर चालणारं पॉलियुरेथेन वार्निश घ्या, त्यात साधी टाल्कम पावडर दाट ताकाइतकी कालवा आणि जुन्या एटीएम कार्डाने ओढत खड्ड्यांत भरा. सुकलं की ४०० नंबरचा पेपर. इतकं घासायचं की भरलेलं फक्त खड्ड्यांत उरेल आणि बाकी सगळीकडे पांढरा फोम पुन्हा दिसेल. मग त्याच वार्निशचा, पावडर न घालता, एक पातळ हात. याने पृष्ठभाग बंद होतो आणि रंग शोषला जात नाही.

रंग पाण्यातला अ‍ॅक्रिलिक, बारीक स्पंजच्या रोलरने किंवा मिळाला तर एअरब्रशने. रोलर आधी रद्दीवर जवळजवळ कोरडा करून मग विमानावर फिरवा. पांढऱ्या जागांना पांढरा रंग देऊ नका, फोम आधीच पांढरा आहे. चिन्हांचे आणि कडांचे गडद भाग रंगाऐवजी कापलेल्या व्हायनल स्टिकरने होतात. पत्र्याच्या जोडांच्या रेघा मऊ पेन्सिलीने ओढा, दोन पावलांवरून त्या कोरलेल्या वाटतात.

पंखाच्या पुढच्या कडेला आणि पोटाला, जिथे गवत आणि दगड लागतात तिथे, रंगाच्या आधी पातळ पारदर्शक टेप ओढून घ्या. संपूर्ण विमान टेपने मढवण्याची टूम आहे, ती लढाऊ खेळाच्या विमानांना ठीक, तुमच्या एचटी-२ला नको. उन्हात प्रत्येक जोड चकाकतो. रंगाच्या प्रत्येक हाताआधी आणि नंतर शेपटी सुटी करून काट्यावर ठेवा. नोंद पेन्सिलीने फ्यूजलाजच्या (विमानाच्या धडाच्या) आत, झाकणाखाली लिहून ठेवता येते.

प्रश्न : पहिल्याच फेकीत विमानाने नाक वर केलं, थांबलं आणि एका पंखावर खाली आलं. दर वेळी असंच होतं. (चिंचवड)

शेपटी जड आहे. बॅटरी जागेवर ठेवून पण वायर न जोडता, प्रॉपेलरसकट, पंखाच्या रुंदीच्या पुढून २५ ते ३० टक्क्यांवर दोन बोटांनी विमान उचला. २० सेंटिमीटरच्या पंखाला ५ ते ६ सेंटिमीटर. नाक किंचित खाली झुकायला हवं. तसं नसेल तर बॅटरी पुढे सरकवा. जागा नसेल तर बॅटरीचा कप्पा पुढे कापा, शिसं शेवटी. शेपटी नसलेल्या फ्लाइंग विंगला हा आकडा चालत नाही, तिथे १५ ते २० टक्के धरा.

एलिव्हेटर (शेपटीची आडवी हलणारी पट्टी) मोकळा हलतो का तेही बघा. बिजागरीची कड ४५ अंशांत कापलेली नसेल तर तो खाली जाताना अडतो, आणि तुम्ही नाक खाली करायला सांगताय ते विमानापर्यंत पोचतच नाही.

प्रश्न : मे महिन्यात विमान गाडीत राहिलं. पंखाला पीळ पडला आणि मोटरचा माउंट सुटून आला. फेकून द्यावं लागेल का? (हडपसर)

नाही. बंद गाडीत ग्लू गनचा गोंद मऊ पडतो, म्हणून मोटरच्या माउंटला तो वापरूच नये, तिथे इपॉक्सी. पीळ काढायला पंख उलट दिशेला थोडा जास्तच पिळून धरा, केस वाळवायच्या ड्रायरने लांबून ऊब द्या आणि थंड होईपर्यंत सोडू नका. बारीक चेप पडले असतील तर त्यावर गरम पाण्यात पिळलेलं फडकं ठेवा, दाणे फुगून बरेचसे वर येतात. काळा किंवा गडद निळा रंग असलेला पंख उन्हात सगळ्यात आधी वाकतो.

प्रश्न : विमाननगरमध्ये राहतो. सोसायटीमागच्या मोकळ्या प्लॉटवर उडवलं तर चालेल? (विमाननगर)

विमाननगरात विमान नको. २०२१च्या ड्रोन नियमांनुसार विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत रेड किंवा यलो झोन असतो, तिथे परवानगीशिवाय उडवता येत नाही. ८ ते १२ किलोमीटरमध्ये २०० फुटांपर्यंत, त्यापलीकडे ग्रीन झोनमध्ये ४०० फुटांपर्यंत विनापरवानगी उडवता येतं. तुमच्या शेजारचं लोहगाव विमानतळ हा हवाई दलाचा तळ आहे, शिवाय खडकीपासून खडकवासल्याच्या एनडीएपर्यंत लष्करी जागा आहेत, हडपसरला ग्लायडिंग सेंटर आहे. सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळावरचा नकाशा उघडून नेमकी जागा बघा आणि त्या काळात पोलीस आयुक्तांचा बंदी आदेश लागू आहे का तेही तपासा. हौसेसाठी, नजरेच्या टप्प्यात उडवलेलं २५ किलोपर्यंतचं मॉडेल नियमांत वेगळं धरलेलं आहे आणि त्याला टाइप सर्टिफिकेट लागत नाही. झोनची अट मात्र सगळ्यांना लागू.

टेकड्या सुचवणारे खूप असतात. सकाळी वेताळ टेकडीवर फिरणाऱ्यांची जत्रा असते, आणि ७०० ग्रॅमचं विमान कुणाच्या डोक्यात गेलं तर फोम असला तरी मोटर फोमची नसते. शहराबाहेर, ऊस तुटून गेलेलं शेत मालकाला विचारून घ्या. सूर्योदयानंतरचा तास-दीड तास वारा पडलेला असतो. घारी दिसल्या तर खाली उतरवा, विशेषतः विणीच्या दिवसांत त्या मॉडेलवर झेपावतात. आणि पहिल्या उड्डाणाआधी ट्रान्समीटर बंद करून मोटर थांबते का ते जमिनीवर बघा. थांबत नसेल तर रिसीव्हरची फेलसेफ लावल्याशिवाय सोडू नका.

प्रश्न : पावसाळ्यात चार महिने पूर्ण चार्ज करून ठेवलेली लिपो (लिथियम पॉलिमर बॅटरी) फुगली. पुन्हा वापरता येईल? (सिंहगड रोड)

नाही, फुगलेली वापरायची नाही आणि चार्जही करायची नाही. पुढच्या वेळी सेलमागे ३.८ व्होल्टवर, म्हणजे थ्री-एस असेल तर ११.४ व्होल्टवर ठेवा. चार्जरमध्ये स्टोरेजचा पर्याय असतो. पूर्ण भरायची ती उडवायच्या आदल्या रात्री, २२०० एमएएचला २.२ अँपिअरने, बॅलन्सची वायर जोडून, आणि तुम्ही त्याच खोलीत जागे असताना. फुगलेली बॅटरी कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.