रस्त्यावर अनोळखी लोकांचे, अपघाताचे फोटो काढणं बरोबर आहे का? आणि तेवढी डेअरिंग येते कुठून?

तुम्ही दोन गोष्टी एकत्र विचारल्यात. अनोळखी माणसासमोर कॅमेरा उचलायची भीती कशी जाते, आणि परवा तुमच्या चौकात ॲक्सिडेंट झाला तेव्हा मोबाईल काढून लाज वाटून परत खिशात ठेवला ते बरोबर का चूक. मी काही वर्षं एका पेपरच्या जिल्हा आवृत्तीला स्ट्रिंगर म्हणून, म्हणजे पगारी नोकर नाही, कामापुरते पैसे घेऊन फोटो द्यायचो, आता नुसता हौसेनं फिरतो, त्यामुळे दोन्हीवर माझी मतं आहेत, पटली तर घ्या.

भीतीचं आधी उरकतो कारण ते सोपंय. वारीत जा. दिवे घाट, सासवड, कुठंही गाठा पालखी. तिथं सगळेच एकमेकांना माऊली म्हणतात, तुम्ही पण "माऊली, एक फोटो काढू का?" एवढंच विचारायचं, बहुतेक जण हो म्हणतात, आज्या तर पदर सावरून एकदम सावधानमध्ये उभ्या राहतात आणि तुमची मूळ फ्रेम गेलीच, पण तोही फोटो काढा, स्क्रीनवर दाखवा, "कुठल्या गावच्या?" विचारा, थोड्या वेळानं त्या तुम्हाला विसरून बोलायला लागतात आणि पाहिजे तो फोटो तेव्हा मिळतो. टेली लेन्स, म्हणजे लांबचं जवळ ओढणारी, घरी ठेवा, ३५ एमएमची साधी लेन्स घेऊन जवळ जा. लांब लपून काढणारा माणूस लगेच ओळखू येतो आणि मारही तोच खातो. कोणी डिलीट कर म्हणालं तर करून टाका, सार्वजनिक जागी फोटो काढायला सरसकट बंदी नाही वगैरे कायदा शिकवत बसू नका, खरं असलं तरी. आणि त्याच वारीत टँकरखाली नाहीतर चंद्रभागेत आंघोळ करणाऱ्या बायकांवर झूम लावून बसलेले महाभाग पण दिसतील. त्याला डेअरिंग म्हणत नाहीत.

आता अपघात, हल्ला, दंगल. इथं लोक एकच प्रश्न विचारतात, "फोटो काढत बसला, मदत का नाही केली?" २६ नोव्हेंबर २००८ ला सीएसटीवर मुंबई मिररचे फोटो एडिटर सेबॅस्टियन डिसोझा होते, ऑफिस समोरच, गोळ्यांचा आवाज आला तसे कॅमेरा घेऊन स्टेशनात घुसले, लोकलच्या डब्याच्या आडून फोटो काढले. हातात रायफल, पाठीवर सॅक, तो कसाबचा फोटो त्यांचाच. त्या रात्री स्टेशनात पन्नासपेक्षा जास्त माणसं गेली. एके-४७ समोर ते काय मदत करणार होते? पुढं त्यांनी कोर्टात साक्ष दिली, फोटो पुरावा म्हणून दाखल झाले. तिथं कॅमेरा उचलणं हेच काम होतं.

पण माझा खरा मुद्दा वेगळाय. फोटो काढणं आणि तो लोकांपुढं टाकणं हे दोन वेगवेगळे निर्णय आहेत, आणि मोबाईल आल्यापासून आपण ते एकच करून टाकलेत. २००२ च्या गुजरात दंगलीत अर्को दत्ता यांनी काढलेला एक फोटो तुम्ही पाहिला असेलच, हात जोडून जीव वाचवा म्हणणारा अहमदाबादचा शिंपी. फोटो काढला त्यात मला काही चूक दिसत नाही, जगाला दंगल त्यातूनच कळली. पण छापल्यावर तो जो सुटला तो सुटलाच, तो माणूस कामासाठी आपल्या मालेगावला आला तर तिथंही चेहरा ओळखला गेला आणि नोकरी गेली. दहा वर्षांनी दत्ता त्याला भेटले, त्रासाबद्दल माफी मागितली. म्हणजे छापायच्या आधी डेस्कवर चार जण विचार करायचे त्या काळातली ही गोष्ट. आता चौकातल्या पोराच्या अंगठ्यावर सगळं आहे. पोलिसांचा फोन यायच्या आधी गावच्या ग्रुपवर फोटो बघून घरच्यांना कळलं, हे मी स्वतः पाहिलंय, आणि तो फोटो टाकणारा ओळखीचाच होता, वाईट हेतू अजिबात नव्हता, "कोणी ओळखत असेल तर कळवा" असंच लिहिलं होतं त्यानं.

म्हणून तुमच्या चौकाबद्दल. मोबाईल खिशात ठेवलात ते ठीक, पण पुढं काय केलं ते तुम्ही लिहिलंच नाही. १०८ ला फोन लावला का? नसेल लावला तर शूटिंग करणाऱ्यात आणि हात खिशात घालून उभं राहिलेल्यात जखमी माणसाच्या दृष्टीनं काय फरक? पोलिसांचं लफडं मागं लागेल ही भीती असेल तर ती सोडा, २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात १३४ए कलम आलंय, मदत करणाऱ्याला आपलं नाव सांगायची सक्ती नाही.

आणि मदत करणारे आधीच पुरेसे असतील तर बिनधास्त मोबाईल काढा. फक्त माणसांचे चेहरे सोडा. गाड्या कुठं कशा थांबल्यात, नंबर प्लेट, रस्त्यावर ब्रेकच्या खुणा, खड्डा असेल तर खड्डा, हे काढा, कारण अर्ध्या तासात क्रेन येऊन सगळं हलवतात आणि नंतर इन्शुरन्सवाल्यांपुढं नुसता तोंडी वाद राहतो. ग्रुपवर एकही टाकू नका. पोलिसांनी किंवा त्या घरच्यांनी मागितले तर मूळ फाइल द्या, व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेली नको, त्यात फोटो कधी काढला ती माहिती उडून जाते.