आईवडिलांना एकाच फ्लोटरमध्ये घ्यावं का?

प्रश्न : ताई, आम्ही जुळे सोलापूरला राहतो, टॉवेलचा छोटा धंदा आहे. मी ३८, बायको, दोन पोरं, आणि वडील ६७, त्यांना शुगर आहे. एजंट म्हणतो सगळ्यांची मिळून आरोग्य विम्याची १० लाखाची एकच पॉलिसी, म्हणजे फ्लोटर, घ्या, स्वस्त पडंल. खरंय का?

उत्तर : दादा, घाई करू नका. फ्लोटरचा हप्ता घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाच्या वयावर ठरतो, म्हणजे वडील आत आले की पोरांचा हप्तापण ६७ च्या हिशोबानं. तुम्हा चौघांची वेगळी आणि वडिलांची वेगळी, असे दोन्ही कोटेशन मागवून बघा. वडिलांची शुगर फॉर्मवर लिहाच, एजंट "राहू द्या हो" म्हणाला तरी, नाहीतर क्लेमच्या वेळी तेच अंगलट येतं. आधीच्या आजाराला जास्तीत जास्त ३ वर्षं वेटिंग लावता येतं, म्हणजे तोवर त्या आजाराचा क्लेम मिळत नाही, आधी ४ होतं.

आता खरी गोम, हॉस्पिटलच्या रूम भाड्याची मर्यादा. पॉलिसीत रोजचे ४ हजार आणि तुम्ही ६ हजारांची रूम घेतली तर नुसते वरचे २ हजार जात नाहीत, डॉक्टरची फी, ऑपरेशनचा चार्ज हेपण त्याच प्रमाणात कापतात, ३ रुपयाला २ च मिळतात. माझ्या दिराच्या वेळी बिल हातात घेऊन काउंटरवर उभं राहिल्यावर कळलं आम्हाला! म्हणून हजार-दीड हजार जास्त गेले तरी मर्यादा नसलेलीच घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटीपण गेलाय.

वडील सत्तरीचे झाले की सरकारच्या आयुष्मान भारत या मोफत उपचाराच्या योजनेचं ५ लाखाचं कार्ड काढा, त्याला उत्पन्नाची अट नाही.