चकलीचं पाकीट आणि रद्दीत गेलेली पेटी

नमस्कार,

ऐरोलीहून तुम्ही लिहिलंय की मुलगी बारावी सायन्सला आहे, अकरावीला 74 टक्के पडले, जेईईच्या क्लासचे दीड लाख भरून झालेत आणि आता ती पॅकेजिंग डिझाइन करायचं म्हणते, तर "हे खोके रंगवायचं खूळ तिच्या डोक्यातून काढा." मी काढणार नाहीये, आधीच सांगते. मार्कांचं मला काही वाटलं नाही, पण पत्रात मधेच एक ओळ आहे, की तिने आठवीपासून जमवलेली बिस्किटाची, साबणाची, चहाची रॅपर्स ठेवलेली पेटी तुम्ही रागाच्या भरात रद्दीवाल्याला देऊन टाकली. तिथे मी थांबले. त्यानंतर ती चार दिवस घरात कोणाशी बोलली नाही, त्याला तुम्ही हट्टीपणा म्हणताय. अहो, चार वर्षांचा अभ्यास होता तो तिचा, वहीत लिहिलेला नव्हता एवढंच. त्या दिवशी तुम्ही फार चुकलात, आणि हे तुम्हाला घरातलं कोणी सांगणार नाही म्हणून मी सांगतेय.

दुसरी तुमची तक्रार, सहामाही तोंडावर असताना दोन दिवस मावशीच्या चकलीच्या पाकिटाचं लेबल बदलत बसली. काय बदललं तेही तुम्हीच लिहिलंय: मोठं लेबल बरोब्बर चकलीवर चिकटवलेलं, आतलं काही दिसायचंच नाही, तिने ते अर्धं करून खाली घेतलं, वजन आणि किंमत ठळक केली, आणि आता घणसोलीचा दुकानदार ती पाकिटं मागच्या फळीवरून उचलून काउंटरवर ठेवतो. हेच तर काम असतं हो! गिऱ्हाईक रॅकसमोर काही सेकंद थांबतं, हात पुढे करायचा की नाही ते तेवढ्यात ठरतं.

तुमचा मोठा गैरसमज म्हणजे "चित्रकला जेमतेम, एलिमेंटरीला सी ग्रेड, ही काय डिझाइन करणार." अमेरिकेत 2009 साली ट्रॉपिकानाने ज्यूसच्या खोक्यावरचं स्ट्रॉ खोचलेलं संत्रं काढून तिथे ज्यूस भरलेला ग्लास टाकला, एकदम मॉडर्न, पण लोकांना आपलं नेहमीचं खोकं ओळखूच येईना, दोनेक महिन्यांत विक्री साधारण 20 टक्के पडली आणि कंपनीने जुनं खोकं परत आणलं. चित्र काढणाऱ्यांचा हात काही वाईट नव्हता, गिऱ्हाईक डोळ्यांनी काय शोधत येतं ते हुकलं. बारकोडच्या रेघा लाल छापल्या तर स्कॅनरच्या लाल उजेडात त्या दिसतच नाहीत, बिल होत नाही. आणि तिच्या चकलीचंच घ्या, पाकीट पारदर्शक ठेवलं की चकली दिसते खरी, पण उजेडाने तेल लवकर खवट होतं, मग खिडकी केवढी ठेवायची, बाकी भागाला कुठली फिल्म लावायची हे केमिस्ट्री सांगते. म्हणजे क्लासमधलं शिकलेलंही वाया जात नाही. हा खवटपणाचा मुद्दा तिलाही सांगा, तिच्या लक्षात आला नसेल.

परीक्षांचं थोडक्यात: यूसीड (आयआयटीच्या डिझाइन डिग्रीची प्रवेश परीक्षा) आणि एनआयडी म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेची डॅट, दोन्हीला शाखा कुठलीही चालते, मुंबईच्या जेजे कला महाविद्यालयातल्या अप्लाइड आर्टसाठी वेगळी प्रवेश परीक्षा, किंवा सायन्स-इंजिनिअरिंगची डिग्री करून अंधेरीच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पॅकेजिंगचा 2 वर्षांचा पीजी डिप्लोमा. पहिल्या दोन्हीकडे जागा थोड्या आहेत, नाही झालं तर हा शेवटचा रस्ता तिच्यासाठी उघडा राहतो, म्हणून फिजिक्स-केमिस्ट्री तिने सोडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. जेईई द्यायची की नाही ते तिला ठरवू द्या. दीड लाख भरलेत म्हणून पुढची चार वर्षंही त्यातच घालायची, हा हिशोब मला पटत नाही.

तुम्ही स्वतः रबाळे एमआयडीसीत नोकरीला आहात ना, तिथे लेबलं आणि खोके छापणारे कारखाने आहेत, ओळखीने विचारून एखादा दिवस तिला घेऊन जा, तुम्हीही बरोबर थांबा, शाई, कागद, कटिंग, वाया गेलेला माल सगळं बघा दोघं मिळून. त्याआधी रद्दीवाल्याकडे एक चक्कर मारा. पेटी मिळेल असं वाटत नाही, तरी जाऊन या, आणि गेला होतात हे तिला सांगा.

पुढचं पत्र तिलाच लिहू दे, लेबल बदलायच्या आधीच्या आणि नंतरच्या पाकिटाचे फोटो जोडून. मला बघायचेत.