कथेचं शेक्सपिअरी नाटक करायचंय, पण भाषा कुठली घ्यायची?

प्रश्न : नमस्कार सर, मी गोव्यातल्या फोंडा तालुक्यातला. आमच्या गावच्या जात्रेला देवळासमोर नाटक असतं, यंदा एक आजच्या काळातली आठ पानांची मराठी कथा घेतलीय. बोटीवर नोकरी करणाऱ्या धाकट्याने विश्वासाने मुखत्यारपत्र दिलेलं असतं, थोरला त्यावर गुपचूप घर विकतो आणि चतुर्थीला धाकटा घरी येतो. पोरं म्हणतात शेक्सपिअरसारखं करूया. मी 'हे बंधो' करून लिहायला लागलो तर ते पौराणिकच झालं. शिवाय अर्धी गोष्ट व्हॉट्सॲपवर आणि बाकीची थोरल्याच्या मनात. काय करू? पाच अंक लागतातच का?

उत्तर : 'हे बंधो' आधी काढून टाका. जुने शब्द घातले की शेक्सपिअर होत नाही हो, आगरकरांनी हॅम्लेटचं 'विकारविलसित' केलं ते १८८३ साली, तेव्हाची भाषा तेव्हा शोभली. तुमच्या थोरल्याला घरात बोलतो तीच भाषा द्या, फक्त एकटा उरला की ती लयीत जाऊ दे. दहा अक्षरांचं इंग्रजी वृत्त मराठीत बसवत बसू नका, आपल्याकडे शब्दावर तसा आघात पडत नाही, त्यापेक्षा यमक न जुळवता ओवीच्या अंगाने लिहा. उदाहरणार्थ :

हात हा माझाच, सहीही माझीच,
पण तुळशीपुढे हा जोडवत नाही.

कथेत जे मनात चाललंय ते सगळं असं स्वगतात आणा. पण स्वगत म्हणजे नुसतं रडणं नको, बोलता बोलता त्याने काहीतरी ठरवायला पाहिजे, सही करू की नको, सांगू की लपवू, आणि बोलायला लागला तेव्हा एक माणूस होता तो संपवताना दुसरा झालेला दिसला पाहिजे. माझ्या मते सगळा जीव इथेच आहे, इथे वेळ घाला.

व्हॉट्सॲपचं टेन्शन घेऊ नका. शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ' नाटकात नायकाची बायको लेडी मॅकबेथ पहिल्यांदा रंगमंचावर येते तीच नवऱ्याचं पत्र वाचत. तसा मेसेज वहिनी मोठ्याने वाचते, झालं काम.

आणि मॅकबेथमध्येच राजाचा खून झाल्या झाल्या दारावर ठोठावणं सुरू होतं आणि दारू प्यालेला द्वारपाल गद्यात बडबडत येतो. तुमच्याकडे त्या जागी पोदेर आहे, सायकलवरून पाव विकणारा! रात्री सही झाली, पहाटे सायकलचा भोंपू पों पों वाजतो, थोरला दचकतो, आणि पोदेर साध्या बोलीत म्हणतो, धाकटे बाब येणार ना, पाव जास्त ठेवू? त्याला काहीच माहीत नाही. लोक हसतील आणि हसता हसता पोटात गोळा येईल, मला तर लिहितानाच आला.

पाच अंक सक्तीचे नाहीत, आठ पानांच्या कथेला दोन पुरे. सेटही बदलू नका, शेक्सपिअरच्या काळी दिवसाउजेडी उघड्या रंगमंचावर रात्र नुसत्या शब्दांनी उभी करायचे, देवळाच्या मंडपात ते छान जमेल.

एक मात्र विसरू नका, लेखकाची लेखी परवानगी. लेखक वारले असतील तरी मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क वारसांकडे असतो, तेव्हा तालमी सुरू करायच्या आधीच पत्र टाका, आणि पोदेराचा प्रवेश तुम्ही नवा घालताय हेही त्यात लिहा.