नागासाकीच्या मिरवणुका

प्रश्न : जपानसारख्या परक्या देशात कॅथलिक मिशनऱ्यांच्या धार्मिक मिरवणुका खरोखरच निघत असत का?

उत्तर : होय, नागासाकीत तर त्या भर रस्त्यातून निघत. १६१४ च्या आरंभी तोकुगावा राजवटीने मिशनऱ्यांना देश सोडण्याचा हुकूम दिला. त्यानंतर मे महिन्यात फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन आणि जेझुइट या कॅथलिक धर्मसंघांच्या प्रेरणेने तेथे प्रायश्चित्ताच्या मिरवणुका निघाल्या आणि त्यांत काही भाविकांनी स्वतःवर चाबकाचे फटके ओढून घेतले. मला सर्वांत हृदयस्पर्शी वाटते ते हे, की चालणारे बहुतेक जण जपानीच होते. नोव्हेंबरात मिशनऱ्यांना मकाव आणि मनिला येथे धाडण्यात आले. नागासाकीतच १५९७ मध्ये आपल्या वसईचे फ्रान्सिस्कन धर्मबंधू गोन्सालो गार्सिया यांना क्रुसावर चढवण्यात आले होते.